मन मोजणारा पिवळा कागद

गुरुवारी सकाळी देवळापुढच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बेलापूरच्या पलीकडे, प्रवरेकाठची ती एवढीशी वस्ती; पण त्या दिवशी आसपासच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली होती. वैजनाथ महाराज चौरंगावर बसले होते. पुढ्यात टोपली, टोपलीत घड्या घातलेले पिवळे कागद आणि दोन बाजूंना तीर्थाचे दोन तांबे. महाराज एकेक कागद उचलत, वरचं नाव मोठ्यानं वाचत आणि तीर्थात बुडवत. कागद पिवळाच राहिला की म्हणत, "निर्मळ." लोक हात जोडत.

दहाबारा मनं निर्मळ निघाली. मग साळूबाईचं नाव आलं. कागद तांब्यातून वर आला तो लालभडक होऊन.

महाराजांनी तो काठीवर लटकवून सगळ्यांना दाखवला. ही बाई गोड बोलून माणसं आतून खाते, म्हणाले. डॉक्टरच्या मशीनला हाडं दिसतात. मन तोलायचा काटा फक्त आमच्याकडे आहे.

साळूबाई अंगणवाडीत मदतनीस होती. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही पोर आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची सून रुपाली दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माहेरी गेली.

हे मला साळूबाईच्या मुलानं सांगितलं. योगेश नागापूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. रजा टाकून तो श्रीरामपूरला माझ्या कॉलेजात आला आणि त्यानं छापील वाक्यांचा, न भरलेला एक पिवळा कागद टेबलावर ठेवला.

"मॅडम, दोन वर्षांमागं तुमी आमच्याकडं असलेच कागद भरून घेतले हुते. हे तुमचंच हाय का?"

माझंच होतं. मी मानसशास्त्र शिकवते. दुसऱ्याला बोलण्यात गुंडाळून आपलं साधून घ्यायची सवय माणसांत किती असते, यावर माझा अभ्यास चालला होता. त्यासाठी तीस वाक्यांची प्रश्नावली केली होती. वाक्य वाचायचं, 'होय' किंवा 'नाही'च्या चौकटीत खूण करायची. नाव लिहायचं नाही. उरलेला गठ्ठा मी तिथल्या चावडीत विसरले होते आणि पुन्हा कधी फिरकलेही नव्हते. कुणीतरी कॉलेजचं नाव कापून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. सतराव्या वाक्यात 'भावनांचा' ऐवजी 'भवनांचा' छापलं गेलं होतं, तेही तसंच होतं.

योगेशनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "आई खरंच तसली हाय का, मॅडम? कागदावर येतं का तसं?"

येत नाही, असं मी सांगितलं. शेकडो माणसांची उत्तरं एकत्र केली तर थोडाफार अंदाज येतो. एका माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला ती प्रश्नावली केलेलीच नाही. शिवाय खरा लबाड माणूस ती भरताना सगळीकडे 'नाही' करून मोकळा होतो. योगेशनं मान हलवली, पण त्याच्या डोळ्यांतली शंका गेली नाही. आईबद्दलची ती शंका पाहून मला भीती वाटली.

त्याच दुपारी मी त्याच्या घरी गेले. साळूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर डोळ्यांवर ओढलेला. आरसा तिनं उलटा करून ठेवला होता. माझ्याशी बोलली ती भिंतीकडे बघूनच. योगेशनं सांगितलं, की चार दिवसांत तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. ताटात भाकरी संपली तर तशीच उठते. तहान लागली तरी पाणी दे म्हणत नाही.

मी कारण विचारलं तेव्हा ती फार हळू बोलली. "चौथ्या वाक्याला मी व्हय केलं हुतं, बाई. गोड बोलून काम करून घेते, असं हुतं त्यात. पोरांना मी गोड बोलूनच जेवू घालायची. मला ठावंच नव्हतं, माझ्या आत असलं काय हाय म्हनून. आता तोंड उघडायचं भ्या वाटतं."

ते चौथं वाक्य मी लिहिलं होतं, पंख्याखाली बसून, चहा पिता पिता. परतताना बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी त्या गर्दीत बसले. महाराज एकेका वाक्याचा अर्थ सांगत होते. सतराव्या वाक्याशी आले आणि डोळे मिटून म्हणाले, भवन म्हणजे देह. देहाच्या भवनाला नऊ दारं, आणि पापी माणूस दहाव्या दारानं शिरतो. माझ्या छपाईच्या चुकीवर पाव तास प्रवचन झालं आणि माणसं माना डोलवत होती.

शिष्यानं पिवळे कागद वाटले. मी माझ्या कागदावर तीसही ठिकाणी 'होय' केलं. मी सांगितल्याप्रमाणे योगेशनं आईच्या नावाचा कागद टोपलीत टाकला आणि पुन्हा मोजा अशी विनंती केली. महाराज खूश झाले. रुपालीही माहेरच्या माणसांबरोबर आली होती, पोराला पदराखाली घेऊन.

माझा कागद डाव्या तांब्यात गेला आणि पिवळाच राहिला. निर्मळ. साळूबाईचा उजव्या तांब्यात गेला आणि लाल झाला; महाराजांनी तो काठीवर लटकवला. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला.

मी उठले आणि दोन्ही कागद उघडून वाचायला मागितले. घडी उघडली की तेज जातं, असं महाराज म्हणाले. पण योगेशनं तोवर काठीवरचा कागद काढून पसरला होता. त्यावर फक्त नाव होतं. तीसच्या तीस चौकटी कोऱ्या होत्या. मी माझाही कागद उघडून लोकांत फिरवला. सगळा कपटीपणा कबूल केलेली बाई निर्मळ ठरली होती, आणि जिनं काही लिहिलंच नव्हतं ती पापी.

मग मी रुपालीला म्हटलं, तुझा कागद तू तुझ्या हातानं उजव्या तांब्यात बुडव. तिनं तो बुडवला. कागद लाल झाला. ती त्या लाल कागदाकडे बघतच राहिली.

पुढे बसलेली भिमाबाई नावाची म्हातारी शांतपणे म्हणाली, "हे तर कुकू झालं की. हळदीला चुना लागला की असंच हुतंय."

तेवढंच होतं. कागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले. एका तांब्यात साधं पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फक्त देवळापुढे बसल्यावर आठवलं नव्हतं.

कुणाला लाल करायचं, ते कसं ठरायचं? ते रुपालीनंच सांगितलं. पहिल्या गुरुवारच्या आदल्या मंगळवारी शिष्य घरोघर बसून सुखदुःख विचारत होता. पोराला सारखा ताप येत होता, म्हणून तिनं शिष्याच्या कानात सासूवरचा संशय घातला होता. "मीच बोलले हुते," ती म्हणाली. "तेच त्यांनी मला परत दिलं."

महाराज टोपली आणि तांबे तिथंच सोडून निघून गेले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली योगेशनं तक्रार दिली. चौकशी चालू आहे. पोराला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कानात पू झाल्याचं निघालं. औषधानं ताप थांबला. महिन्याभरानं रुपाली परत आली.

साळूबाईला मी तो कोरा लाल कागद दाखवला होता. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "पन मी व्हय केलं हुतं, ते तर खरंच ना?"

मी म्हटलं, "खरेपणानं भरताना मीही केलं असतं. ज्यानं माणसांत दिवस काढलेत त्याला ते करावंच लागतं."

ती आता अंगणवाडीत जाते. पोरंही येतात. पण परवा मी तिथं होते तेव्हा एक मुलगी जेवत नव्हती. साळूबाई तिच्याजवळ बसली, तोंड उघडलं, आणि क्षणभर तशीच थांबली, कुणी मागं उभं असल्यासारखी. मग हलकेच म्हणाली, "ये बाय, घास घे." एका तांब्यातल्या चुन्यानं तिच्या आत ठेवलेलं ते थांबणं काढायला माझ्याजवळ कुठलीच निवळी नाही.

म्हणून सांगते. महाराज असोत की माझ्यासारखी शिकलेली बाई, कागद दाखवून तुमच्या घरातलं माणूस वाईट आहे असं कुणी म्हटलं, तर आधी तो कागद वाचा. कोरा कागद देऊन बघा. दुसऱ्याच्या नावानं पुन्हा मोजायला लावा. आणि तोवर त्या माणसाला विचारा, तहान लागली आहे का.