गप्प बसायची दहा मिनिटं

दर गुरुवारी शाळा सुटली की चित्रकलेच्या खोलीत चार शिक्षकांचा अभ्यासगट बसायचा. एकाने आपल्या वर्गातल्या मुलांचं काम आणायचं, एकाने चर्चा चालवायची, एकाने घड्याळ बघायचं आणि एकाने टिपण लिहायचं. भूमिका आळीपाळीने. नियम एकच, पण जालीम: काम आणणाऱ्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. माणूस स्वतःची बाजू मांडायला लागला की त्याला समोरचा कागद दिसेनासा होतो, असं त्यामागचं म्हणणं.

गणिताच्या बाई तीन वर्षं घड्याळच बघत आल्या होत्या. "वेळेचं माझ्याकडे द्या," असं त्या आधीच म्हणून टाकायच्या, आणि वयाने सगळ्यांत मोठ्या, तेव्हा त्यांना नाही कोण म्हणणार? दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्यांवर त्या मोजकं आणि नेमकं बोलत. आपल्या वर्गाची एक वहीसुद्धा त्यांनी त्या टेबलावर कधी ठेवली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण त्यांच्या पाचवीचा निकाल घसरला आणि मुख्याध्यापिकेने गोड बोलून विचारलं, "बाई, पुढच्या महिन्यापासून वाचनालय बघता का? तेवढीच दगदग कमी." मग म्हणाली, "या गुरुवारी तुमच्या वर्गाचं काम गटात ठेवा. टिपण वाचून ठरवू." वाचनालय वाईट नव्हतं. पण तिथे पुस्तकं गप्प बसतात, आणि बाईंना तीस वर्षांत गप्प बसणाऱ्यांची सवय राहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी त्यांनी छत्तीस उत्तरपत्रिकांतून नऊ बाजूला काढल्या. पाच रेघा दिल्या होत्या, पट्टीने मोजून लांबी लिहायची होती. ह्या नऊ मुलांची सगळी उत्तरं बरोबर होती.

"आणि बाकीची सत्तावीस?" नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

"तुम्ही चहा प्या."

"पितो की. पण दात दुखत असताना डॉक्टरला गुडघा दाखवून काय उपयोग, अगं?"

पिशवीत मात्र छत्तीसही गेल्या.

संध्याकाळी चित्रकलेच्या मॅडमनी कागद टेबलभर पसरले. त्या बाईंच्या मुलीच्या वयाच्या. आज चर्चा त्यांनी चालवायची होती. भाषेचे सर टिपणवही उघडून बसले. घड्याळ खेळाच्या सरांकडे होतं. त्यांना सगळी शाळा शिट्टी म्हणायची आणि ते त्या नावाला ओ द्यायचे.

"बाई, झाली सुरुवात. आता हूं की चूं नाही," शिट्टी म्हणाले.

बाईंनी हाताची घडी घातली. आता ही कालची पोरं आपल्याला शिकवणार, असं वाटून कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"पहिली रेघ सात सेंटिमीटरची," मॅडम म्हणाल्या. "इथे आठ. इथेही आठ. दुसरी बाराची, तिथे तेरा... अरे, ह्या सत्तावीस जणांचं प्रत्येक उत्तर एकने जास्त आहे."

"म्हणजे कॉपी," भाषेचे सर म्हणाले. "एकाने चुकायचं आणि सत्तावीस जणांनी री ओढायची. सोपं आहे."

बाईंच्या जिवात जीव आला. कॉपी म्हटलं की प्रश्नच मिटला. दोष मुलांचा. वर्ग आपलाच.

"थांबा हो," शिट्टी कागद उलटसुलट करत म्हणाले. "ही बरोबर आलेली नऊ पोरं बघा. हा, हा आणि ही... हे तर सगळे शेवटच्या दोन बाकांवरचे नग! गणितात ह्यांना फक्त सुट्टीला किती मिनिटं उरली तेवढं येतं. आणि पुढच्या बाकांवरचे हुशार सगळे चुकलेत?"

"मागच्यांना येतं आणि पुढच्यांना येत नाही, असं काय आहे?" मॅडमनी विचारलं. "पुढच्यांना काहीतरी जास्त दिसत असणार."

बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांची वर्गातली लाकडी पट्टी उभी राहिली. तिची शून्याकडची कड केव्हाच झिजून तुटली होती. त्यामुळे टेबलावर रेघ मोजून दाखवताना त्या नेहमी एकच्या खुणेपासून मोजत, शेवटी आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात एक वजा करत आणि उत्तर मोठ्याने सांगत. इतक्या वर्षांत ती वजाबाकी हाताला लागलेल्या वळणासारखी झाली होती. पुढच्या मुलांनी पट्टी एकपासून लावलेली बघितली आणि आपल्या नव्याकोऱ्या पट्ट्या तशाच लावल्या. मागच्यांना टेबलावरचं काही दिसत नव्हतं. त्यांनी आपलं शून्यापासून मोजलं.

हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"ती कॉपी नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, अजून चार मिनिटं आहेत," शिट्टी म्हणाले.

"असू देत. माझी पट्टी तुटकी आहे. मी एकपासून मोजते आणि एक मनात वजा करते. मुलांना हे कधी सांगितलंच नाही. त्यांनी मी करते ते अगदी नीट केलं."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "मी पण मुलांना ब्रश धरायला शिकवते, तेव्हा मनात काय काय करत असेन, कोण जाणे."

भाषेच्या सरांनी पेन टेबलावर ठेवलं. "बाई, हे टिपणात... मुख्याध्यापिका वाचतील. नाही लिहिलं तरी..."

"लिहा, सर. आणि कॉपीचं खोडा. पोरांच्या नावाला बट्टा नको."

सरांनी खोडलं आणि लिहायला घेतलं. बाई त्यांच्या पेनाकडे बघत राहिल्या. वर्ग जायचा असला तर जाईल. जायच्या आधी उद्याचा एक तास तरी हातात होता.

"बाई, उद्या तुमच्या तासाला येऊन मागे बसू का?" शिट्टींनी विचारलं. "मुलं कशी मोजतात ते बघेन, तुम्हाला सांगेन."

"या की," बाई उत्तरपत्रिका गोळा करत म्हणाल्या. "पण पुढे बसा. मागून काही दिसत नाही."