आत येणारी पावलं

सायलीने मोबाइल सखुबाईच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हा सखुबाईच्या हातातलं ओलं फडकं तसंच ठिबकत राहिलं.

फोटोत एक खोकं होतं. खोक्यामागे उंबरा, पुढे रांगोळी.

"तुमचीच ना ही?"

"माझीच, ताई."

"म्हणजे दार आपलंच," सोफ्यावरून हर्षल म्हणाला. "रजई दारात आली आणि पाय फुटून निघून गेली! आम्ही बँकेला लिहून दिलं, वस्तू मिळालीच नाही, कार्डावरचे पैसे परत द्या. दुकानदाराने खोकं पोचवल्याचा पुरावा म्हणून हा फोटो पुढे केला. आता खोटे आम्हीच. सकाळी दारात तुमच्याशिवाय असतं कोण?"

सखुबाईने फडकं खाली ठेवलं. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा नाव पडलं, की चारही घरांचं काम दुपारच्या आत बंद.

तिने फोटो पुन्हा पाहिला. रांगोळीच्या कडेला दोन इवली पावलं होती, आत वळलेली.

"दादा, ह्ये दार तुमचं न्हाई. तुमच्याकडं मी पावलं काढत न्हाई."

सायलीने दार उघडलं. उंबऱ्यापुढे नुसतं कमळ. तिने घाईघाईने त्याचा फोटो काढून बँकेला पाठवला.

"मग पावलं कुणाकडे काढता?" हर्षलने विचारलं.

"ध्यानात न्हाई."

"चारच तर घरं तुमची. संध्याकाळी बघतोच फिरून."

सखुबाई जिना उतरली आणि जवळजवळ पळतच समोरची बी विंग चढली. घराचा नंबर तोच, विंग तेवढी वेगळी. पावलं मालनआजींच्या दारात असत. लक्ष्मीची नव्हेत. "माझ्या सुयशची काढ गं, आत येणारी," आजी म्हणायच्या. लेक बंगळूरला, दोन वर्षांत फिरकला नव्हता. आठवड्यापूर्वी खोकं आलं, तेव्हा वरचं नाव कुणाकडून वाचून न घेताच आजींनी मजलाभर सांगितलं, लेकानं रजई धाडली.

आजी खिडकीतल्या उन्हात तीच रजई पांघरून बसल्या होत्या. सखुबाईने सांगायला तोंड उघडलं.

"बरी आलीस," आजींनी फोन पुढे केला. "सुयशला लाव. ऊब छान लागते म्हणून सांगते. एरवी उचलत नाही मेला, पण आज रविवार आहे."

सखुबाईने नंबर लावला. घंटी वाजू लागली. आजींनी केस सारखे केले, पदर खांद्यावर ओढला.

उचलू नको रे बापा, सखुबाई पुटपुटत राहिली. उचलू नको.