क्लीअर, पण एंटर नाही

ताईने 'क्लीअर' टाइप केलं आणि मी किंचाळलो. तिचं बोट एंटरच्या वर, हवेतच थांबलं.

"कान फुटले माझे," ती म्हणाली.

"स्क्रीन बघ आधी."

तिने बघितली. मग तापल्या तव्यावरून घ्यावं तसं बोट मागे घेतलं.

आम्ही बहीणभाऊ एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. नळी आली की रीडर नावाचा डबा तिच्यावरचं लेबल वाचतो, ताई रक्त बिननावाच्या छोट्या कपात ओतते. कुठल्या कपात कोण, हे फक्त रीडरला ठाऊक. तो लगेच कॉम्प्युटरला कळवतो. आज कॉम्प्युटरने मान टाकली आणि चाळीस जणांची यादी रीडरच्या पोटातच राहिली. रिकाम्या नळ्या नेहमीसारख्या भट्टीत गेलेल्या. मी जुना लॅपटॉप शोधून सिरियल केबलने रीडरला जोडला. 'सेंड' असा हुकूम दिला की यादी बाहेर. पण ताईचा हात दहा वर्षं रोज सकाळी कालची यादी पुसायला पहिला हुकूम 'क्लीअर' असा देत आलाय. समोर कोरी स्क्रीन दिसली आणि हाताला वाटलं, उजाडलं.

निकाल छापून आले होते, पण कपाच्या नंबराने. एकतीस नंबरच्या कपात किडनीचा आकडा नऊ. तो एकच्या आसपास हवा. हा माणूस आजच्या आज दवाखान्यात भरती व्हायला हवा होता, आणि तो चाळिसातला कुणीही असू शकत होता. चाळिसात एक आमचे बाबा होते. पाय सुजले म्हणून आलेले.

"पुसून टाक ना," ताई म्हणाली.

"याला पुसता येत नाही. पुसायचं बटण दाबलं तरी त्याला ते आणखी एक अक्षर वाटतं."

"वायर काढ मग."

"शब्द त्याच्या आत जाऊन बसलाय. उद्या कुणी एंटर दाबलं की यादी साफ."

"प्लग काढ."

"आतली बॅटरी मेलीये. प्लग काढला की यादी आत्ताच साफ."

"तुला नवी आणायला सांगितली होती."

"मी चिठ्ठी चिकटवली होती."

चिठ्ठी रीडरवरच होती. तीन होत्या.

उपाय एकच होता. त्याच ओळीत पुढे काहीतरी बरळायचं, म्हणजे हुकूम बिघडेल आणि रीडर नुसतं प्रश्नचिन्ह पाठवेल. पण रीडरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, काही मॉडेलं सुरुवातीचा हुकूम तेवढा पाळतात, शेपटाकडे बघत नाहीत. कुठली मॉडेलं, ते चहाच्या डागाखाली होतं.

"राहू दे," ताई हळूच म्हणाली. "चाळीसही जणांना परत बोलावू. दोन दिवस लागतील."

"एकतिसाव्याकडे दोन दिवस आहेत?"

तिला नाव कळायला नको होतं. मला तरी कुठे हवं होतं?

मी पुढे टाइप केलं: बटाटाजावईसायकल.

"जावई कशाला?"

"अर्थ लागू नये म्हणून."

एंटर दाबलं. रीडरचा दिवा दोनदा लुकलुकला. मग स्क्रीनवर एक प्रश्नचिन्ह आलं. माझ्या बडबडीने जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं झालं होतं.

मग मी 'सेंड' टाइप केलं, शहाण्या मुलासारखं. ओळी येऊ लागल्या. एकतीस: लेबल ६०८२. ताईने रजिस्टर उघडलंच नाही. बाबांच्या नळीवर ते तिनेच चिकटवलं होतं.

मी फोन लावला.

"बोल रे लवकर, गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय," बाबा म्हणाले. मागे कात्रीचा आवाज.

"बाबा, तुमच्या रक्तात सायकल सापडली."

"काय?"

रीडरनेही एवढंच विचारलं होतं.

"थट्टा पुरे. रिपोर्ट आला का?"

"आला. बाबा, तो..."

पुढचं सगळं तोंडात तयार होतं, फक्त एंटर राहिलं होतं. ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबा, दुकान बंद करा. मी गाडी घेऊन येतेय. दोन कपडे पिशवीत भरून ठेवा."

कात्री थांबली.

"अगं, याचं अर्धं डोकं व्हायचंय," बाबा म्हणाले. "तेवढं करू ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला एकही विनोद सुचला नाही.

"करा," ती म्हणाली. "पण लवकर."