घळीतली जांभई

माझी बायको शाळेची बस चालवते आणि माझी धाकटी बहीण दातांची डॉक्टर आहे. सहा वर्षं दोघी एका घरात राहतात, पण नणंद-भावजयीचं भांडण असं कधी झालेलं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं.

कयाक होडीचा नाद मात्र तिघांनाही. यंदा घळीतला ओढा उतरायचं ठरलं होतं. दोन दिवस, एक मुक्काम. निघायच्या आदल्या आठवड्यात पडदे लावताना मी स्टुलावरून पडलो आणि मनगट प्लास्टरात गेलं.

"मग आम्ही दोघी जातो," बायको म्हणाली.

"जाऊ," बहीण म्हणाली.

मी भाड्याच्या जीपने दुसऱ्या दिवशी खालच्या पुलावर येऊन थांबायचं ठरलं. मधलं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं, ते जुळवून सांगतो.

घळीत दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधे दहा-बारा हात रुंद पाणी. एकदा आत शिरलं की बाहेर पडायची वाट एकच, पाण्याबरोबर खाली. मोबाईलला रेंज नाही. पहिल्या दिवशी बायको पुढे होती. पन्नास पोरांवर आवाज चढवायची तिला सवय, प्रत्येक उतारावर ती मागे वळून ओरडायची, "डावीकडे! दगडापासून लांब! अगं, ते नाही, दुसरं डावं!" बहिणीने दिवसभरात "हो" सोडून काही म्हटलं नाही. संध्याकाळी गोट्यांच्या पट्ट्यावर तंबू ठोकून, सूप पिऊन, दोघी पाठीला पाठ लावून झोपल्या.

सकाळी बायको बाहेर आली आणि हात ताणून तिने जांभई दिली. बहीण कयाकमधलं पाणी उपसत होती. जांभई काही संपेना. मग बहिणीला वाटलं, वहिनी काहीतरी म्हणतेय.

"काय?"

"आ," बायको म्हणाली.

"काय झालं?"

"आआ."

खालचा जबडा सांध्यातून निखळून पुढे आला होता. हनुवटीवरून लाळ गळत होती.

"वहिनी, खाली बस. डोकं दगडाला टेक." बहिणीने अंगठ्यांवर पायमोजे गुंडाळले. "जबडा बसला की तोंड खटकन मिटेल. तेव्हा चावू नकोस. नाहीतर वल्हं मारायला दोघींत मिळून दोनच अंगठे उरतील."

तिने अंगठे मागच्या दाढांवर ठेवले आणि थांबली.

"या दाढेवर कॅप कुणी बसवली?"

"आ."

"मी घरात असताना?"

बायकोने डोळे मिटून घेतले.

"नंतर बोलू," बहीण म्हणाली आणि तिने दाबलं, आधी खाली, मग मागे. पहिल्या खेपेला जबडा हलला नाही. दुसऱ्या खेपेला बायकोने तिचं मनगट गच्च धरलं. "धर, पण श्वास सोड," बहीण म्हणाली. टक् असा आवाज झाला आणि जबडा जागेवर बसला. पुढची पंधरा मिनिटं बहीण तिची हनुवटी दोन्ही तळव्यांत धरून बसून होती.

"रडत होती का?" मी नंतर विचारलं.

"लाळ होती," बहीण म्हणाली.

बायकोच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून बहिणीने फर्मान काढलं: बोलायचं नाही, ओरडायचं नाही, शिट्टीसुद्धा नाही. आणि ती स्वतः पुढे निघाली.

दुपारी ओढ्यातला सगळ्यात मोठा धबधबा आला, दोन पुरुष उंच. दोघी दगडावर चढल्या. बहिणीने उजवीकडे बोट दाखवलं. बायकोने मान हलवून डावीकडे दाखवलं. बहीण उजवीकडून गेली. खाली कयाक उलटली, ती बाहेर फेकली गेली आणि भोवऱ्यात गरगरू लागली. एकदा वर आली, पुन्हा खाली गेली. बायको दगडावरून उतरून कड्याच्या पायथ्याने गोट्यांवरून धावत सुटली आणि तिने दोर फेकला. तो बरोबर बहिणीच्या खांद्यावर पडला. एक अक्षर न उच्चारता तिने तिला ओढून काढलं.

बहीण खोकत पडली होती. बायको समोर बसून नुसती बघत होती.

"कळलं," बहीण म्हणाली. "डावीकडून जायला हवं होतं."

बायकोने मान डोलावली. मग दात मिटूनच पुटपुटली, "कॅप."

"बोलू नकोस."

"तुला किडलेले दात दाखवायचे, आणि रोज तुझ्याचसमोर जेवायला बसायचं. नको वाटलं."

बहिणीने बुटातलं पाणी ओतलं. "काम चांगलं केलंय त्याने," ती म्हणाली. "आता बोलू नकोस."

चार वाजता त्या पुलाखाली आल्या. बहिणीचं कोपर सोललेलं, बायकोच्या डोक्यावर अजून हेल्मेट.

"कसं झालं?" मी विचारलं.

बायकोने बहिणीकडे बोट दाखवलं. आणि आमच्या घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारी माझी बहीण जीपमध्ये सलग चाळीस मिनिटं बोलली. कुठे चुकली की बायको तिची बाही ओढायची. कडे किती उंच होते यावर तर दोघींनी गाडी थांबवून हातवारे केले. जीपवाला कंटाळून खाली उतरला. मीही उतरलो. त्या आतच होत्या.