छोट्या दांड्याची थरथर

बॅप्टिस्टचा ट्रक कांदिवलीच्या खाणीतून वर निघाला की गावठाणात सेराफिनाला ते झोपेतही कळायचं. मे महिन्यातली दुपार असायची, अंगणात चटईवर मिरच्या वाळत पडलेल्या, वारा पडलेला, तिचे डोळे मिटत आलेले. तिकडे खाणीच्या तळाशी इंजिनाचा आवाज खाली बसायचा, मग क्षणभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं, आणि मग जाड, संथ घुमारा चढ चढू लागायचा. तो ऐकत ऐकत ती पुन्हा झोपेत उतरायची. नवरा वर येतो आहे, एवढं तिला पुरे असायचं.

ट्रक लढाईच्या वेळचा, लष्करानं मोडीत काढलेला. खाणीच्या शेठनं तो विकत घेतला तेव्हापासून बॅप्टिस्टच त्याच्यावर होता. ट्रकला दांडे दोन. मोठा नेहमीच्या गिअरचा, आणि शेजारचा छोटा, चारही चाकांना जोर देणारा. दगड भरून चढायचं तर छोट्याचे पाय धरावे लागायचे, आणि तो महामानी. चढाच्या आधी सपाटीवर ट्रक हळू करायचा, क्लच दाबून दांडा मधोमध आणायचा, क्लच सोडून इंजिनाला जरा रेस द्यायची. आतल्या दोन चक्रांचा वेग जुळला, दोन आवाजांचा एक आवाज झाला, की पुन्हा क्लच दाबून दांडा ढकलायचा. जुळायच्या आधी ढकललात तर तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा करकरायचा. बॅप्टिस्टच्या हातून कधी करकरला नव्हता. हे सगळं तो कानानं करत असे.

आणि एका दुपारी तो करकरला. सेराफिना दचकून उठून बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी मात्र नवरा ताकास तूर लागू देईना. हल्ली तो सगळ्याला हसून मान डोलवायचा. भात वाढू का विचारलं तर पाद्री बरे आहेत म्हणून सांगायचा. एका संध्याकाळी ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, तुझ्या खांद्यावर विंचू आहे. तो शांतपणे विडी ओढत राहिला.

मग तिनं समोर बसवून विचारलं तेव्हा त्यानं कबूल केलं. इतकी वर्षं सुरुंगांचे बार ऐकून कान गेले होते. जवळचं, मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण इंजिन आता विहिरीच्या तळाशी चालल्यासारखं वाटायचं. परवा दांडा बसलाच नाही. भरलेला ट्रक मागे घसरला आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या पुढ्यात येऊन थांबला. मुकादम धोंडिरामनं बजावलं होतं की आणखी एकदा असं झालं तर ट्रक दुसऱ्याच्या हाती जाईल. त्यात धोंडिरामचं काय चुकलं? बायांचा जीव काही वाटेवर पडलेला नव्हता. बॅप्टिस्टलाही ते कळत होतं, म्हणून तर त्याला झोप नव्हती.

"ट्रक गेला तं मी कोन गं?" तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बाटली मसाला, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायचा तो, कुटायचा दिवस आला. दर उन्हाळ्यात ऑलिव्ह आणि तिची जाऊ मुसळं घेऊन घरोघर कुटायला यायच्या. त्या वर्षी जाऊ अंथरुणाला खिळलेली. खाणीत सुरुंग लावायचे म्हणून ट्रक उभे होते, तेव्हा ऑलिव्ह आणि सेराफिनाच्या जोडीला तिसरं मुसळ बॅप्टिस्टच्या हाती आलं. एक उखळ, तीन मुसळं. एक उतरतं तेव्हा दुसरं चढतं, तिसरं वाटेत असतं. बॅप्टिस्टचं पहिल्याच फेरीत ऑलिव्हच्या मुसळावर आदळलं. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा ऑलिव्हनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुदैवानं त्याला तो ऐकू आला नाही.

सेराफिनाचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. ट्रकच्या सीटखाली कुणा शिपायाचे जाड तळाचे बूट सापडले होते. त्या दिवसापासून बॅप्टिस्ट खाणीत, बाजारात, रविवारी चर्चमध्ये मिस्सेलाही तेच घालून जायचा. मसाला कुटायलासुद्धा साहेब बुटात उभे.

"बूट काढ," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "आमी कुटताना गातो, बडबडतो. आयकतंय कोन? तलव्याला कलतं."

त्यानं बूट काढले. डोळे मिटून तो अनवाणी उभा राहिला. हवेत मिरचीचा लालसर धुरळा तरंगत होता, आणि खालून जमीन त्याच्याशी बोलू लागली. धप्प, धप्प, आणि मध्ये एक मोकळी जागा, पुन्हा धप्प, धप्प, आणि ती जागा. बॅप्टिस्टचं मुसळ त्या जागेत अलगद उतरलं. मग उतरतच राहिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऑलिव्ह गाऊ लागली, ऊन चिंचेच्या मागे गेलं, आणि त्याला वाटलं आपण कुटत नाही, कुणीतरी आपल्याला हलकेच झुलवतं आहे. मध्येच तो थांबला. मुसळाभोवतीची बोटं सैल करून, पुन्हा हलकी मिटून, हातातली थरथर निरखत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा बूट दाराशीच होते. दुपारी उरलेला मसाला कुटताना सेराफिनानं ऑलिव्हचं मुसळ वरच्यावर धरून थांबवलं. खाणीच्या तळाशी इंजिनाचा आवाज खाली बसला. तिच्या डोळ्यांपुढे त्याचे उघडे पाय होते, पेडलवर टेकलेले, आणि छोट्या दांड्यावर नुसतं ठेवलेलं बोट, दोन चक्रं जुळून थरथर विरायची वाट बघणारं. झाडावरचा कावळाही गप्प होता. मग जाड, संथ घुमारा चढ चढू लागला. तिचा जीव भांड्यात पडला. तिथंच उखळाशी बसून ती रडली, आणि मिरचीमुळे डोळ्यांत पाणी आलं म्हणाली.

संध्याकाळी तो धुळीनं माखलेले पाय घेऊन आला आणि दारातच थांबला. दांडा करकरला का, हे विचारायचा धीर त्याला होत नव्हता. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला.

"कान लावून बसलेली," ती सावकाश म्हणाली. "काय पन आयकू नाय आलं."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि मग हसला.

"मना पन नाय," तो म्हणाला.