खड्यांकडून दातांकडे

खडेताईंना दातांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि वय होतं एक्केचाळीस.

हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दागिन्यांच्या कारखान्यात त्या लग्नाआधीपासून खडे बसवायच्या, म्हणून खडेताई. डोळ्याला भिंग, समोर दिवा, मांडीवर सोन्याचा कीस झेलायला चामड्याची झोळी. अंगठी लाखेच्या दांड्यात घट्ट रोवायची, मोहरीएवढा खडा त्याच्या घरात, म्हणजे अंगठीतल्या खाचेत, ठेवायचा आणि सोन्याचे चिमुकले पंजे एकेक करून त्याच्यावर वळवायचे. एखादा खडा निसटून खाली पडला की कोणीतरी ओरडायचं, "पंखा!" पंखा बंद व्हायचा, आणि सगळा कारखाना जिथल्या तिथे थबकायचा. मग ताई गुडघ्यांवर बसून फरशीला गाल लावायच्या आणि खडा शोधून काढायच्या. देवाने डोळे चांगले दिलेत, असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं.

दातांचं वेड लागलं ते स्वतःच्याच दाढेमुळे. तीन वर्षांपूर्वी दाढ फुटली म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या. खुर्चीवर आडव्या पडल्या, तर वरच्या दिव्याच्या काचेत स्वतःचं सगळं तोंड दिसत होतं. डॉक्टरबाई दाढ कोरत होत्या आणि ताई दुखणं विसरून वर टक लावून बघत होत्या. बघणं एक वेळ ठीक, पण तोंड उघडं असताना त्यांनी प्रश्नही विचारायला सुरुवात केली.

"आं आं ऑ?"

"ताई, आधी तोंड मोकळं करते, मग विचारा," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या.

त्या दिवशी ताई घरी आल्या त्या दाढेबरोबर मनातही काहीतरी पक्कं बसवून घेऊनच. लेकीची जुनी विज्ञानाची पुस्तकं माळ्यावरून खाली आली. कारखान्यातून आलं की भाजी चिरता चिरता वाचन सुरू. शेवटी प्रवेश परीक्षेला बसल्या. हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." ताईंनी ओळखपत्र दाखवलं आणि जाऊन आपल्या बाकावर बसल्या. पास झाल्या. ज्याने बुद्धी दिली त्याचे आभार त्यांनी त्या रात्री इतक्या वेळा मानले की नवऱ्याला म्हणावं लागलं, "अगं, पोचलं त्याच्यापर्यंत. आता झोप."

कॉलेजने जागा दिली, पण मोठ्या वयाच्या उमेदवारांना घालतात ती अटही घातली. एक आठवडा एखाद्या दवाखान्यात उभं राहून काम बघायचं आणि शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते फोनवर कळवायचं. नाही म्हटलं तर जागा पुढच्याला. ताईंनी कारखान्यातून आठवडाभराची रजा घेतली आणि त्याच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात उभ्या राहायला लागल्या.

घरात मतं तीन. लेक परगावी शिकत होती, ती फोनवर म्हणाली, "आई, जा बिनधास्त. फक्त माझ्या मैत्रिणींना सांगू नकोस की तू माझ्यापेक्षा ज्युनिअर आहेस." नवरा बसडेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, "मी आहे, डेपो आहे, आणि देवाच्या कृपेने बसगाड्या बिघडायच्या काही थांबत नाहीत. पाच वर्षं निघतील."

तिसरं मत सासूबाईंचं. त्या जेवताना म्हणाल्या, "तू डॉक्टर होशील तेव्हा माझ्या तोंडात बघायला काय उरणार गं? हिरड्या?"

"अहो आई, म्हणूनच म्हणते, आत्ताच एकदा दाखवून घ्या. तुम्ही हल्ली एकाच बाजूने चावता."

"चावते ना? मग झालं."

"जरा तोंड उघडा बघू."

"जेवायला उघडते तेवढं पुरे. आणि तू माझी हनुवटी सोड. अंगठी नाही ती, फिरवायला."

ताईंनी चटकन हात मागे घेतला. खरंच की! कारखान्यात हात स्थिर ठेवून काम फिरवायचं असतं, आणि त्या नकळत सासूबाईंची मान उजेडाकडे वळवत होत्या. नवऱ्याला हसू आवरेना. पण सासूबाई दातांच्या दवाखान्याला का भितात ते त्या दोघांनाही ठाऊक होतं. लहानपणी कोणीतरी हातपाय धरून त्यांचा दात उपटला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता.

शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून परत येताना ताई कारखान्यात डोकावल्या. मालकांना सांगायला हवं होतं. मालक मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं, भिंग कपाळावर सरकवलं.

"गेलात तर कारखान्याचं नुकसान," ते म्हणाले. "राहिलात तर तुमचं. माझं मी सोसेन."

"पण मला जमेल का, मालक?"

"ते मला काय माहीत? मी उभ्या जन्मात दातांच्या डॉक्टरकडे गेलो नाही. भीती वाटते."

ताई घरी चालत आल्या. माणसं इतकी चांगली वागली की पाय उचलणं उलट जड होतं. एखाद्याने अडवलं असतं तर त्याच्याशी भांडून तरी निघता आलं असतं. इथे सगळ्यांनीच वाट मोकळी करून दिली होती, आणि आता प्रश्न एकच उरला होता. हात तयार होते, ते त्यांनाही माहीत होतं. पण खडा ओरडत नाही, घाबरत नाही, घरी जाऊन सांगत नाही. जिवंत माणसाच्या तोंडापाशी आपण उभं राहू शकू का? आठवडाभर नुसतं बघून याचं उत्तर मिळालं नव्हतं.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा डावा गाल सुजला. पाणीसुद्धा घशाखाली जाईना. नवऱ्याने बूट चढवले, रिक्षा बोलावली.

"मी येते," सासूबाई गालाला हात लावून म्हणाल्या, "पण ही समोर उभी राहणार असेल तरच. मला हिचं तोंड दिसलं पाहिजे."

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर तीन खुर्च्या आणि जुनी मासिकं, आत लवंगेच्या तेलाचा वास, स्टीलच्या तबकात ओळीने मांडलेली हत्यारं. डॉक्टरबाईंनी गाल बघितला, दाढेचा एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "आजी, दाढ काढावी लागेल. दुखू देणार नाही. ताई, तुम्ही यांच्या समोर उभ्या राहा आणि ही पाणी ओढायची नळी धरा. मी सांगते तिथेच. बाकी माझ्यावर सोडा."

गाल बधिर झाला. ताईंनी तोंडाला मास्क लावला, नळी धरली. हात दगडासारखा स्थिर. डॉक्टरबाईंनी दाढ हलवायला घेतली. आता ताईंना दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त ती दाढ, तिची मुळं, कडेची हिरडी.

आणि अचानक सासूबाईंनी हात वर करून डॉक्टरबाईंचं मनगट ढकललं. चेहरा लालबुंद. खोकल्याची ढास लागली. डॉक्टरबाईंचा हात त्याच क्षणी बाहेर आला होता.

"थांबू या," त्या शांतपणे म्हणाल्या आणि खुर्ची सरळ केली. "आजी, दुखलं का?"

सासूबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"माझ्याकडून नळी खोल गेली," ताई म्हणाल्या.

"नळी अगदी बरोबर होती. तुमचा श्वास कुठे होता?"

"श्वास?"

"तुम्ही तो धरून ठेवला होता. पहिल्या दिवसापासून बघतेय मी. नुसत्या बाजूला उभ्या असलात तरी धरता."

ताईंनी मास्क खाली ओढला. "कारखान्यात सगळेच धरतात हो. शेवटचा पंजा दाबताना श्वास घेतला की हात हलतो. मला आता कळतसुद्धा नाही मी कधी धरते ते."

"आजींना कळतं. त्या सगळा वेळ तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही धरलात, त्यांनीही धरला. दात काढताना मी पेशंटच्या तोंडात बघते, पण पेशंट आपल्या तोंडाकडे बघत असतो."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. दुपारपर्यंत फोन करायचा होता, आणि त्यांना आयुष्यभर जे कसब वाटत आलं होतं तेच इथे आडवं आलं होतं. ते सोडायचं कसं? माणूस चप्पल बदलतो तसा श्वास थोडाच बदलता येतो?

"मग माझ्याने नाही व्हायचं हे," त्या हळूच म्हणाल्या. "अहो आई, मी बाहेर थांबते. यांना आत पाठवते."

"त्याला कशाला?" सासूबाईंची अर्धी जीभ बधिर होती, शब्द बोबडे येत होते, पण जोर तोच. "बसगाडी आहे का मी? तू इथेच राहा. रोज सकाळी भांडी घासताना देवाचं गुणगुणतेस, तेव्हा कुठे गं श्वास धरतेस? ते म्हण."

"इथे?"

"मग कुठे? देव काय बाहेर नंबर लावून बसलाय?"

डॉक्टरबाई मास्कच्या आत हसल्या. "म्हणा ताई. मलाही जरा बरं वाटेल. सकाळपासून नुसता यंत्राचा आवाज ऐकतेय."

ताईंनी मास्क वर चढवला. आईकडून ऐकलेलं एक साधं आभाराचं पद होतं, दोन ओळी आणि पुन्हा त्याच दोन ओळी. पहिली ओळ मनातच राहिली. दुसरी निघाली. सूर धरायचा तर श्वास सोडावाच लागतो, आणि पुढची ओळ घ्यायची तर तो पुन्हा आत घ्यावाच लागतो. देवाचं नाव घेणाऱ्याला कोंडून राहताच येत नाही. ताईंचे खांदे खाली आले. नळी धरलेला हात किंचित हलला, पुन्हा जागेवर आला, आणि कोणाचंच काही बिघडलं नाही.

सासूबाईंचे डोळे त्यांच्यावरच होते. मग छातीवरचा पदर त्याच लयीत खालीवर व्हायला लागला. मुठी सुटल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा हत्यार उचललं, आणि त्यांचाही हात त्या दोन ओळींच्या चालीवर चालायला लागला, की ताईंना तसं वाटलं कोण जाणे.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. तबकात दाढ टकन वाजली.

सासूबाई बोबड्या आवाजात म्हणाल्या, "निघाली? मग ओळ अर्धी का सोडलीस? पुरी कर."

ताईंनी ओळ पुरी केली. डोळ्यांतून पाणी आलं ते मास्कमध्येच जिरलं.

डॉक्टरबाईंनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला. "आजी, अर्धा तास दाबून धरा. बोलायचं नाही." मग हातमोजे काढता काढता ताईंकडे वळल्या. "ही सवय एका दिवसात जाणार नाही. पुन्हा धराल, पुन्हा आठवण करून द्यावी लागेल. पण आज सुटला, ते मी पाहिलं. काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा."

"ठरलं, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "तुमचे उपकार कसे—"

"आधी शिका. उपकारांचं नंतर बघू."

घरी आल्यावर सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, जबडा घट्ट मिटून. नवरा म्हणाला, "आई अर्धा तास गप्प! अगं, त्या डॉक्टरबाईंना काहीतरी भेट पाठव." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा टाकायला आत पळाला.

ताई फोन घेऊन टेबलापाशी बसल्या. हात जोडले. एरवी त्या काही ना काही मागत, लेकीला यश, नवऱ्याची कंबर बरी होऊ दे, एखादा खडा सापडू दे. आज मागायचं काही सुचलंच नाही. सासूबाईंनी अर्ध्या जिभेने भांडून त्यांना तिथेच थांबवलं होतं, मालकांनी आपलं नुकसान सोसायचं म्हटलं होतं, आतून चहाच्या आधणाचा आवाज येत होता. देवा, एवढी माणसं दिलीस, असं म्हणून त्यांनी कॉलेजचा नंबर लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "मी येते आहे. नक्की."

पलीकडच्या बाई सूचना सांगायला लागल्या. नवरा ऐकायला आला म्हणून ताईंनी स्पीकर लावला. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. केस बांधलेले हवेत. पांढरे कोट दोन लागतील, आणि रोज स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला कोट घालूनच आत सोडतील.

"रोज?" नवरा कुजबुजला. "अगं, रोज कोण धुणार आणि इस्त्री कोण करणार?"

खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाईंनी, तोंडातला बोळा दाबून, शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. आणि दुसऱ्या हाताने त्याला गप्प बसायची खूण केली. फोनवरच्या बाई अजून बोलत होत्या.