लखीराम नाईकांचा अनुभव

जमनीने जाहिरातीचा कागद उजेडाकडे धरला आणि एका ओळीपाशी ती अडखळली.

"वाच ना वो," शेजारची रामीबाई म्हणाली. "काहून थांबली?"

निंबाखाली अख्खा तांडा बसला होता. मारेगावहून देवीची लस टोचायला आलेले धर्मपाल पेटी उघडून ताटकळले होते. दंड एकही पुढे येत नव्हता. मुकुटबनच्या बाजारात अर्कवाल्याने हा कागद वाटला होता: एक बाटली प्या, सुई टाळा. छापील मजकूर, म्हणजे खोटा कसा असेल? तिकडे पलीकडच्या तांड्यात देवीने दोन लेकरं नेली होती. जमनीच्या मांडीवर पाच महिन्यांची लेक होती, आणि सासरे लखीराम, तांड्याचे नाईक, हो म्हटल्याशिवाय तिला सुई लागणार नव्हती.

तांड्यात वाचता येणारी जमनी एकटीच. ओळ गाळली असती तरी कुणाला कळलं नसतं. तरी तिने ती मोठ्याने वाचली.

"लखीराम नाईकांचा अनुभव. अर्क प्यालो, साथीत घरात कोणाला काही झालं नाही. निशाणी अंगठा."

"नाईकच सांगून राह्यले," कोणीतरी म्हणालं. "मंग कायले टोचाचं?"

लखीराम सावकाश उठले.

"अंगठा माहाच हाये. बाटली फुकट भेटली, पावती समजून लावला. पन पेलो नाई. बैलाच्या सुजल्या खांद्याले चोपडला."

"सूज उतरली?" रामीबाईने विचारलं.

"नाई."

हशा पिकला. नाईक धर्मपालांकडे वळले.

"तुमच्या सुईचा ऐब सांगा."

"ताप येते. फोड पिकते, दोन रात्री लेकरू झोपू देत नाई. फोडाचा वन जल्मभर राह्यते."

उभी हयात बैलबाजारात काढलेल्या नाईकांना आपल्या जनावराचा ऐब न लपवता सांगणारे मालक आजवर दोनच भेटले होते; हा तिसरा.

"पह्यले माह्या नातीले टोचा," ते म्हणाले. मग सुनेकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुले सुई पाह्यजे होती. तरी तुह्या इरुद्धची ओळ वाचली."

जमनीने मान खाली घालून लेकीचा दंड उघडा केला.

"आता येत्या बजारी त्या अर्कवाल्याच्या दुकानासमोर हेच वाचाचं. बैलाचं बी सांगाचं. मी बाजूले उभा राहीन."

"मी? बजारात?"

तिचा हात सवयीने घुंगट ओढायला वर गेला.

"राहू दे," सासरे म्हणाले. "अक्षर दिसलं पाह्यजे."